गजभिये मिस्त्रींची चिठ्ठी

"आधी खाली ठेव."

दुकानात पिस्तूल किंवा बंदूक घेऊन येणाऱ्या कोणालाही गजभिये मिस्त्री पहिल्यांदा एवढंच म्हणायचे. नमस्कार नाही, या-बसा नाही. समोर कारखानदार असो की निवृत्त फौजदार, त्याने आपलं हत्यार टेबलावरच्या कांबळ्याच्या तुकड्यावर ठेवायचं, दोन पावलं मागे सरायचं आणि तोंड बंद करायचं. "अहो, रिकामं आहे, मी स्वतः पाहिलंय," असं कोणी म्हणालंच, की मिस्त्री चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे.

"तुमी पाह्यलं. मी पाह्यलं का?"

मग ते पिस्तूल उचलायचे, तोंड भिंतीकडे करायचे, मॅगझिन काढायचे, वरचा भाग मागे ओढायचे आणि गोळी बसते त्या जागेत आपली करंगळी घालून चाचपायचे. डोळ्यांनी पाहिलेलं त्यांना पुरायचं नाही. माझ्यासमोर त्यांनी अशी हजारेक हत्यारं चाचपली असतील, आणि 'रिकामं आहे' म्हणून आणलेल्या दोन पिस्तुलांतून जिवंत गोळी बाहेर काढली. त्या दोन्ही गिऱ्हाइकांना त्यांनी जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. पण लोक दुकान सोडून गेले नाहीत, पुन्हा आले.

सदर भागातल्या एका गल्लीत ते परवान्याच्या बंदुकांचं दुकान होतं. अजून आहे, पण मी त्या गल्लीतून जात नाही. तिथे मी साडेबारा वर्षं रजिस्टर लिहिलं. कोणतं हत्यार आलं, कोणाचं, नंबर काय, परवाना काय, कधी गेलं. माझी आई शेजारणींना सांगायची की आमची रेखा स्पोर्ट्सच्या दुकानात आहे. मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. गोड माणूस, इतका गोड की पाच मिनिटं बोललं की घसा खवखवावा. आणि आत, मागच्या खिडकीशी, गजभिये मिस्त्री. पोलिसांच्या शस्त्रागारातून कारागीर म्हणून निवृत्त झालेले, बुटके, कानावर पांढऱ्या केसांचे झुपके, रोज इस्त्रीचा शर्ट आणि त्यावर गोणपाटाचा एप्रन.

त्यांचा चहाचा ग्लास वेगळा होता. काचेचा, बुडाशी जाड. मी नवी असताना एकदा सगळ्यांच्या कपांबरोबर त्यांनाही कपात चहा नेऊन दिला. त्यांनी तो बाजूला सरकवला.

"शेठच्या बापानं माह्यासाठी वेगळा कप ठेवला होता. भिंतीतल्या कोनाड्यात. पोरगं आता म्हणते, मिस्त्री, आपल्यात असं काही नाही, सगळ्यांसोबत घ्या." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू तो कप मीच ठेवला होता. "तवा तुमी ठेवला होता वेगळा. आता मी ठेवला. जाय, ग्लासात आण."

मी ग्लासात आणला. त्यानंतर अकरा वर्षं ग्लासातच आणला.

आता धंद्याचं थोडं सांगते, नाहीतर मिस्त्री कळायचे नाहीत. आपल्याकडे जुनी विलायती पिस्तुलं आहेत. कोणाच्या आजोबांनी घेतलेली, कोणाला मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीच्या काळात मिळालेली. ती बनवणाऱ्या कंपन्यांनी ती मॉडेलं कधीच बंद केली आणि बाहेरून आणणंही केव्हाच बंद झालं. म्हणजे देशात आहेत तेवढीच. त्यामुळे एखादं जुनं पिस्तूल नव्या मोटारीच्या भावात जातं, आणि दुसरं, हुबेहूब तसंच, भंगारात. दोघांतला फरक कोण सांगणार? व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून लोक विचारायचे, किती येतील? शेठ फोन घेऊन आत जायचे आणि मिस्त्री फोनकडे न बघताच भडकायचे.

"फोटो कोणाच्या हातात फुटते का गा? हत्यार आणाले सांगा!"

हत्यार आलं की ते आधी स्क्रू बघायचे. "पाह्य वं रेखा, स्क्रूचं तोंड पाह्य. कसं चावल्यासारखं झालं हाय. कोणीतरी घरी बसून जेवाच्या सुरीनं उघडलं." मग नंबर. पिस्तुलाच्या तीन भागांवर तोच नंबर आहे का. नसला तर कुठलातरी तुकडा दुसऱ्या पिस्तुलाचा आहे, किंमत निम्मी. मग नळीत बॅटरी मारून आतल्या पिळदार रेषा. वास घ्यायचे, हो, चक्क नाकाशी धरून, आणि सांगायचे की हे पावसाळ्यात कपाटात चामड्याच्या पाकिटात ठेवलं होतं. पाकिटात ठेवणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. चामडं ओल धरतं, लोखंड खातं.

चमकणाऱ्या हत्याराकडे ते पाहायचेही नाहीत. एका कंत्राटदाराचं मला आठवतं. त्याचं पिस्तूल मिस्त्रींनी आधी पाहिलं होतं, सांगितलं होतं की हात लावू नका, असंच ठेवा, दोन लाखांना मरण नाही. तो पंधरा दिवसांनी आला आणि कांबळ्यावर आरशासारखं लखलखतं काहीतरी ठेवलं. इतवारीत भांड्यांना निकेल चढवून देणारा एक जण आहे, त्याच्याकडून याने वरचा भाग चमकवून आणला होता. घासताना कंपनीची अक्षरं गेली होती, नंबर अर्धा पुसला होता.

"किती दिले?" मिस्त्रींनी विचारलं. आवाज इतका खाली की मी लिहायची थांबले.

"अठराशे. मस्त केलं ना?"

"अठराशे देऊन दीड लाख घासून आले तुमी." मग आवाज चढला. "चमकच पाह्यजे होती तर इतवारीतून लोटा घेऊन याचा होता! उचला हे. उचला म्हणतो ना! नंबर पुसलेलं हत्यार माह्या टेबलावर ठेवता, जेलात जाचं हाय का तुमाले?"

तो माणूस खरंच उचलून पळाला. शेठ दिवसभर तोंड पाडून होते. मी मात्र रजिस्टरमागे तोंड लपवून हसून घेतलं.

तपासणी संपली की चिठ्ठी. ही त्या दुकानाची रीत होती आणि दुकानाची सगळी पत त्या चिठ्ठीत होती. बोटभर लांबीचा कागद, त्यावर हत्याराचा नंबर आणि तीनपैकी एक शब्द. 'चालते', 'दुरुस्तीनंतर' किंवा 'नाही'. खाली 'ग. मि.' दोऱ्याने ती पिस्तुलाच्या घोड्याभोवतीच्या कडीला बांधायची. मिस्त्रींच्या बोटांना ग्रीस, त्यामुळे ते सांगायचे आणि मी लिहायचे. सही म्हणून तीही दोन अक्षरं मीच काढायचे. भंडाऱ्याहून, कळमेश्वरहून, पार बालाघाटहून लोक विचारत यायचे, मिस्त्रींची चिठ्ठी आहे का? असली तर शेठ भाव वाढवून सांगायचे आणि लोक न कुरकुरता द्यायचे. मिस्त्रींना त्यातलं काय मिळायचं? रोजी. ऐंशी वर्षं जुन्या लोखंडाची किंमत लाखांनी वाढवणाऱ्या माणसाला रोजी, आणि दिवाळीला सोनपापडीचा डबा. हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

'चालते' म्हटलं की अजून एक काम असायचं. मागच्या अंगणात वाळूच्या पोत्यांची परवानगीची जागा होती. तिथे जाऊन त्या हत्याराच्या पहिल्या तीन गोळ्या मिस्त्री स्वतः झाडायचे. शिकंज्यात बांधून, लांबून दोरी ओढून नाही. हातात धरून. मी एकदा म्हटलं, मिस्त्री, बांधून झाडा ना, उगाच जिवाशी खेळ.

"गिऱ्हाईक काय बांधून चालवणार हाय?" ते खेकसले. मग नळी पुसता पुसता एकदम सांगायला लागले. नोकरीत असताना तपासणी येणार होती. एक पिस्तूल त्यांना बरं वाटत नव्हतं. साहेब म्हणाले, एकासाठी कुठे अडवतोस, ठीक आहे लिही. यांनी लिहिलं. सरावाच्या दिवशी ते एका शिपायाच्या हातात फुटलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं. चौकशी झाली, यांची वेतनवाढ थांबली.

"साहेबाचं काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हाचं हाय? सायबानं सांगितलं होतं. लिहिलं मी होतं." असं म्हणून ते माझ्यावरच ओरडले, की माझ्या पेनाची शाई कांबळ्यावर का सांडली आहे.

मुळेकाकू आल्या त्या उन्हाळ्यात. सक्करदऱ्याच्या. दुकानाला तीन पायऱ्या होत्या, त्या त्यांनी एकेक करून, आडव्या होऊन चढल्या. दोन्ही गुडघे गेलेले. काका वारल्यावर त्यांचं पिस्तूल नियमाप्रमाणे आमच्याकडे जमा होतं. आता वारसाची परवानगी आली होती आणि काकूंना ते विकायचं होतं. गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं होतं. मुलगा नाही, मुलगी लांब, पेन्शन अर्धी. पिस्तूल सासऱ्यांचं. मालगुजारी गेली, गावातली जमीन गेली, पिस्तूल तेवढं राहिलं होतं.

गिऱ्हाईकही तयार होतं. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेला राऊत नावाचा तरुण. परवाना हातात, हेच मॉडेल पाहिजे, कारण आता मिळत नाही. मागाल तेवढे द्यायला तयार. अट एकच, मिस्त्रींची चिठ्ठी पाहिजे.

मिस्त्रींनी पिस्तूल कांबळ्यावर घेतलं आणि मी त्यांना पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकलं. स्क्रू कोरे. तिन्ही नंबर एक. नळी आतून अशी की कालच बनवली असावी. "हे पाह्य. हे हत्यार म्हणतात याले." काकूंचा चेहरा उजळला. मग मिस्त्रींचा अंगठा एका जागी थांबला.

नळीवर मागे-पुढे सरकणारा जो भाग असतो, स्लाइड, त्याला रिकामी पुंगळी बाहेर पडायची खिडकी असते. त्या खिडकीच्या काठाला बोटाच्या टोकाएवढा खरबरीत, तांबूस डाग होता.

"हे काय हाय?"

"ते होय?" काकू कौतुकाने म्हणाल्या. "खंडेनवमीला तिथे कुंकू लागायचं ना. सासऱ्यांपासून. पाटावर ठेवायचं, हळदीचं पाणी शिंपडायचं आणि ओल्या बोटाने कुंकू. ह्यांनीही कधी चुकवलं नाही. त्याच जागी."

"अन मग पुसाचं?"

"पूजेचं कुंकू कोणी पुसतं का हो?"

मिस्त्रींनी स्लाइड वेगळी केली, रॉकेलमध्ये बुडवली, अर्धा तास तशीच ठेवली. मग कोरडी पुसली, इतकी की बोटालाही ओल लागू नये, आणि त्यावर खडूची भुकटी चोळली. ही त्यांची जुनी रीत. लोखंडाला चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर रेघ उमटते. शेठसकट आम्ही चौघं वाकून बघत बसलो. पाच मिनिटांनी त्या डागातून केसासारखी एक ओली रेघ निघाली आणि खाली सरकत गेली. मिस्त्रींनी पुसलं, पुन्हा केलं. पुन्हा रेघ. तिसऱ्यांदा केलं. रेघ तिथेच.

"लिही वं," ते म्हणाले. "नाही."

काकूंना कळेना. मिस्त्रींनी त्यांना समजावलं, म्हणजे त्यांच्या पद्धतीने समजावलं. "साठ वर्षं एकाच जागी ओलं लावलं अन पुसलं नाही. लोखंड हाय ते, खाणारच. खड्डा पडला, खड्ड्यातून चीर गेली. आता चालवलं तर आज जमंल, उद्या जमंल, परवा अर्धा तुकडा चालवणाऱ्याच्या डोळ्यात जाईन."

"आम्ही काय पाप केलं का पूजा करून?" काकूंनी विचारलं.

"पाप नाही केलं. गंज केला."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. खरं होतं, तरी नको होतं. त्या बाईचे गुडघे, तिचं घर, तिचे दोन गेलेले पुरुष, सगळं त्या एका डागात होतं. पण मिस्त्रींना खरं मऊ करून सांगता येत नसे, आणि त्या दिवशी तर ते स्वतःच चिडलेले होते, इतकं सुंदर हत्यार असं गेलं म्हणून. "दुसरी स्लाइड?" शेठनी विचारलं. "कंपनीनंच बनवणं सोडलं, मी काय झाडाची तोडून आणू?"

शेठ मिस्त्रींना आत घेऊन गेले. मला सगळं ऐकू येत होतं. 'दुरुस्तीनंतर' लिहा. नाही. निदान काहीच लिहू नका. नाही, नाही म्हणजे नाहीच लिहायचं. बाईचा विचार करा. "पोराच्या डोळ्याचा करून राहिलो." शेठ बाहेर आले आणि काकूंना पायऱ्यांपर्यंत हात देत, अगदी हळू, त्या साखरेच्या आवाजात म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका काकू. त्यांना आपली पूजाअर्चा खुपते हो. तुम्हाला समजतंच."

मी ऐकलं. माझ्याही घरी खंडेनवमीला विळी-कोयत्याला कुंकू लागतं. मला उठून सांगता आलं असतं की शेठ, लाज बाळगा, रेघ तुम्हीही पाहिली. माझं पेन चालूच राहिलं.

त्यानंतर मिस्त्रींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस सुट्टी. चौथ्या दिवशी ती स्लाइड दुकानातून कुठेतरी गेली आणि दहाव्या दिवशी परत आली. डाग नाही, खड्डा नाही. भरून, घासून, वरून काळा-निळा रंग चढवलेला. शेठनी पिस्तूल माझ्यासमोर ठेवलं.

"बाहेरच्या मोठ्या कारागिराकडून करून आणलं. मिस्त्रींशी फोनवर बोललोय. ते हो म्हणाले. चिठ्ठी लिहून टाक, चालते."

"मी एकदा बोलते ना त्यांच्याशी."

"डोळ्याला पट्टी आहे बिचाऱ्यांच्या. कशाला त्रास? आणि रेखा, त्या काकूंचे गुडघे बघितलेस ना तू?"

मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले, पण ते साफ खोटं. मिस्त्री आणि फोनवर हो? जो माणूस हत्यार नाकाशी धरल्याशिवाय बोलत नाही तो? मला पूर्ण कळलं होतं. मी पगाराचा विचार केला, काकूंचा केला, आणि मी एकटी कुठे अडवणार हाही केला. नंबर लिहिला. 'चालते' लिहिलं. खाली 'ग. मि.' लिहिलं. दोरा बांधला, तोही नेहमीसारखा दुहेरी गाठीचा.

व्यवहाराच्या दिवशी राऊत आला. काकू सहीसाठी आल्या, इस्त्रीचं पातळ नेसून. शेठनी पेढे मागवले होते. आणि दारात मिस्त्री उभे. काळा चष्मा, गालावर औषधाचा ओघळ. दोन दिवस सुट्टी बाकी होती, पण घरी बसवेना म्हणून आले होते.

"अरे, मिस्त्री! आराम करायचा ना," शेठ म्हणाले.

मिस्त्री कांबळ्याजवळ गेले. पिस्तूल उचललं, करंगळी घालून चाचपलं, मग चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचली. स्लाइडवरून अंगठा फिरवला.

"हे मी कधी सांगितलं?"

"फोनवर नाही का बोललो आपण, परवा..."

"मी चालते म्हणलो असतो तर तीन गोळ्या मी झाडल्या असत्या. झाडल्या नाही. म्हणजे बाकी हायेत." त्यांनी पिस्तुलाची मूठ शेठसमोर धरली. "घ्या. चला मांगं. तुमी म्हणता ना चालते? झाडा तीन."

शेठ हसले. "मी काय मिस्त्री आहे का? काहीतरीच तुमचं." त्यांचा हात टेबलाच्या काठावर होता तो तिथेच राहिला.

राऊत एकदा पिस्तुलाकडे, एकदा शेठच्या हाताकडे बघत होता. तो काही बोलण्याआधीच मिस्त्री माझ्याकडे वळले. काळ्या चष्म्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते.

"अक्षर तुहं हाय वं. तू झाड."

मला वाटतं त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडले नाहीत. मूठ माझ्याकडे करून उभे राहिले. आणि मी माझे दोन्ही हात पाठीमागे नेले. ठरवून नाही. लहान पोरं मारकुट्या मास्तरासमोर नेतात तसे आपोआप गेले. पण सगळ्यांनी पाहिलं. मी लिहिलेल्या शब्दावर माझा स्वतःचा हात ठेवायची माझी तयारी नव्हती, हे राऊतनेही पाहिलं. त्याने परवाना खिशात घातला, पेढ्याला हातही लावला नाही, आणि निघून गेला.

काकू टेबलाला धरून उठल्या आणि मिस्त्रींवर तुटून पडल्या. "तुमचं काय गेलं असतं? काय गेलं असतं तुमचं? दोन वर्षं झाली मला खाली बसून देवपूजा करता येत नाही!"

"माहं काही गेलं नसतं बाई," मिस्त्री म्हणाले. "त्याचा डोळा गेला असता."

"मिस्त्री, उद्यापासून येऊ नका," शेठ म्हणाले. त्या आवाजात पहिल्यांदाच साखर नव्हती.

मिस्त्रींनी एप्रन काढून त्याची घडी केली. आपलं भिंग घेतलं, ग्लास विसळून पिशवीत टाकला. जाताना चिठ्ठी तोडून नेतील असं मला वाटलं. नाही नेली. ती तशीच राहिली, माझ्या अक्षरातली, आणि नंतर ती मलाच तोडावी लागली.

मी मात्र तिथून लगेच बाहेर पडले नाही. दीड वर्ष अजून राहिले. सांगायला लाज वाटते, पण सांगते. शेठनी छापील प्रमाणपत्रं काढली, रंगीत, सोनेरी किनारीची, आणि मी त्यावर नंबर भरत बसले. गिऱ्हाइकं कमी झाली, तेव्हा शेठ म्हणायचे की बाजारच मंदा आहे. काकूंनी पिस्तूल शेवटी पोलीस ठाण्यात जमा करून टाकलं, हे मला रजिस्टरमधून कळलं. त्यांच्या गुडघ्यांचं काय झालं ते माहीत नाही. विचारायला मला तोंड नव्हतं.

नोकरी सोडली त्याच आठवड्यात मी मिस्त्रींच्या घरी गेले. कामठी रोडच्या आत, दोन खोल्यांचं घर, समोर सिमेंटचा ओटा. वाटेत मी सगळी तयारी केली होती. ते म्हणतील, काहून आली? तोंड वर करून आली? मी म्हणेन, बोला, अजून बोला. मला त्यांच्या शिव्या खायच्या होत्या. अकरा वर्षं रोज खाल्ल्या होत्या, मला सवय होती, आणि खाल्ल्यावर बरं वाटेल अशी माझी खात्री होती.

ते ओट्यावर शेजारणीचं शिलाई मशीन उघडून बसले होते. मला पाहून उठले. हात पुसले, आतून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि तीही फडक्याने पुसली.

"या मॅडम. बसा."

मी उभीच राहिले. त्यांनी आत चहा सांगितला. माझ्या आईची तब्येत विचारली. उन्हाळा फार आहे म्हणाले.

"मिस्त्री, ती चिठ्ठी..."

"हो, हो. होते तसं. नोकरी असते माणसाची." ते समजूतदारपणे मान हलवत होते. "शेठनं सांगितल्यावर तुमी काय करणार?"

"मला कळलं होतं, मिस्त्री. ते खोटं बोलताहेत हे मला कळलं होतं. रागवा ना माझ्यावर."

"तुमच्यावर कायले रागावू?" त्यांचे डोळे आता स्वच्छ होते. ऑपरेशन चांगलं झालं होतं. त्यांनी माझ्याकडे नीट, शांतपणे पाहिलं, बँकेतल्या अनोळखी बाईकडे बघावं तसं. "चहा घ्या. गार होईन."

मी चहा घेतला. चांगल्या कपबशीत दिलेला होता, सोबत बिस्किटं. निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले. "सांभाळून जा मॅडम. रोडवर ट्रक लई चालते."

मी स्कूटर सुरू केली. वळणापर्यंत पोहोचले असेन, तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला, तो जुना, सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा.

"मशीनीत खोबरेल कोनं टाकलं वं? अक्कल हाय का नाही तुले? किती डाव सांगितलं, खोबरेल गोठते म्हणून! डोक्याले लाव ते, डोक्याले!"

शेजारीण हसत काहीतरी उलट बोलली. ते अजून चढले. मी वळणावर गाडी बंद केली आणि त्यांचं ओरडून होईपर्यंत तिथेच उभी राहिले.